बिटकॉइनबद्दल कुणी विचारलं तर

सेलूत बिटकॉइनचं नाव सगळ्यांना माहीत आहे. चहाच्या टपरीवर, मोबाइलच्या दुकानात, लग्नात जेवायला बसल्यावर, कुठेही विषय निघतो. माहिती मात्र फार थोड्यांना आहे, आणि ज्या थोड्यांना आहे ते एक तर गप्प बसतात किंवा काहीतरी विकत असतात. हा लेख गप्प बसणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही इंजिनिअरिंग, बीसीए, बीकॉम असं काही शिकला असाल, बिटकॉइन कसं चालतं हे तुम्हाला बऱ्यापैकी कळत असेल, तर माझं म्हणणं एवढंच आहे की कुणी विचारलं तर बोला. पण असं बोला की समोरच्यावर कसलंही ओझं येऊ नये. त्याने काही विकत घ्यायचं नाही, ॲप टाकायचं नाही, कुणाला नंबर द्यायचा नाही, आणि आज काही ठरवायचंही नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरी नागपूरची, घर सेलूचं. आठवड्यातले दोन-तीन दिवस घरूनच काम चालतं, त्यामुळे गावातले ‘कॉम्प्युटरचे’ सगळे प्रश्न माझ्याकडे येतात; प्रिंटर बिघडला तरी आणि बिटकॉइनचा भाव वाढला तरी. माझ्याकडे थोडं बिटकॉइन आहे. हे आताच सांगून टाकतो, कारण बोलणाऱ्याने आपला हितसंबंध आधी उघड करावा असं मी पुढे म्हणणार आहे.

जाणकार गप्प का बसतात ते मला कळतं. उद्या भाव पडला तर ‘तूच सांगितलं होतं’ असं ऐकावं लागेल. आपल्या समाजात तर एकमेकांशी नाती आहेत, रोज मशिदीत भेट होते, पैशाचा विषय बिघडला की सलामदुआ बंद होते. म्हणून बरेच जण ‘तो सट्टा आहे, लांब राहा’ एवढं म्हणून विषय बंद करतात. हेतू चांगला असतो. पण विचारणाऱ्याचं कुतूहल त्याने संपत नाही. तो दुसऱ्या कुणाला तरी विचारतो, आणि तो दुसरा बहुतेक वेळा विकणारा निघतो.

सेलूहून नागपूर तासाभरावर आहे, म्हणून आधी नागपूरचंच सांगतो. मार्च २०२२ मध्ये नागपूर पोलिसांनी ‘इथर ट्रेड एशिया’ नावाच्या योजनेच्या मुख्य आरोपीला लोणावळ्यात पकडलं. दोन हजारांवर लोकांची सुमारे ४० कोटी रुपयांची फसवणूक झाली, असं पोलिसांचं म्हणणं आहे. पैसे इथर या चलनात गुंतवले जातात असं सांगितलं जायचं आणि वेबसाइटवर गुंतवणुकीचा आकडा वाढत जाताना दिसायचा. वेबसाइटवरचा आकडा वाढवायला काय लागतं ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. डेटाबेसमधला एक रकाना बदलायचा, झालं. नुसता आकडा दिसणं म्हणजे नाणं आपल्याकडे असणं नव्हे. एवढी एक गोष्ट शेजारच्या इंजिनिअर पोराने वेळेवर सांगितली असती तर त्यातल्या काही घरांचे पैसे वाचले असते, असं मला वाटतं.

त्याहून कितीतरी मोठं प्रकरण ‘गेनबिटकॉइन’चं. त्याचे मोठे गुन्हे पुण्यात दाखल झाले. अमित भारद्वाज याने २०१५ च्या सुमारास ही योजना आणली. तुमचं बिटकॉइन द्या, दर महिन्याला १० टक्के बिटकॉइन परत, असं १८ महिने. आणखी माणसं आणली की त्याचं कमिशन वेगळं. सुरुवातीच्या लोकांना पैसे मिळाले, त्यांनी भाऊबंद आणले. पुढे परतावा थांबला आणि लोकांच्या हातात बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ नावाचं घरी बनवलेलं नाणं ठेवण्यात आलं. एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. जानेवारी २०२२ मध्ये तो वारला, प्रकरण अजून चालूच आहे. गोळा झालेल्या बिटकॉइनची किंमत ईडीने ६,६०० कोटी रुपये सांगितली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सीबीआयने ६० हून जास्त ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यात पुणे, कोल्हापूर आणि नांदेडही होतं. मधल्या काळात, मार्च २०२२ मध्ये, तपासाच्या मदतीला घेतलेल्या दोन सायबर तज्ज्ञांनाच जप्त केलेली नाणी वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी. म्हणजे ‘तज्ज्ञ’ या शब्दावर तरी किती विसंबायचं!

या योजनेचं गणित मी विचारणाऱ्यांना कागदावर करून दाखवतो, कारण ते सोपं आहे. बिटकॉइनचे नियम उघड आहेत. साधारण दर दहा मिनिटांनी नोंदींचं एक नवं पान, म्हणजे ब्लॉक, जोडलं जातं. जुलै २०१६ पासून मे २०२० पर्यंत प्रत्येक ब्लॉकमागे साडेबारा नवी नाणी जन्माला यायची. दिवसाला साधारण १४४ ब्लॉक, म्हणजे १,८०० नाणी, आणि तीही सगळ्या जगात मिळून. (एप्रिल २०२४ पासून हा आकडा ४५० वर आला आहे.) एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर कधीच जाणार नाहीत. आता गेनबिटकॉइनवाला म्हणत होता, एक बिटकॉइन दे, दीड वर्षात १.८ परत देतो. हे वरचं ०.८ येणार कुठून? एक तर तुमचं नाणं घेऊन त्याने जगातल्या सगळ्या खाणवाल्यांना दर महिन्याला हरवायचं, किंवा तुमच्यानंतर आलेल्या माणसाचं नाणं काढून तुम्हाला द्यायचं. नियम माहीत असलेला माणूस हे पाच मिनिटांत ओळखतो. म्हणून मला असं वाटतं की बिटकॉइनच्या नावावर होणाऱ्या फसवणुकीवरचा चांगला उपाय बिटकॉइनची खरी माहिती हाच आहे, आणि ती विकायला न आलेल्या माणसाकडून मिळायला हवी.

विकणारा कसा बोलतो तेही बघा. तो आधी स्वप्न दाखवतो, मग घाई करतो. ‘आज रात्रीपर्यंतच हा रेट आहे.’ हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक असते, दुबईचे फोटो असतात, आणि तुम्हाला तिथे घेऊन येणारा तुमचाच मामेभाऊ असतो. भरवसा नात्याचा, माल अनोळखी. आमच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला, जमिनीच्या मोबदल्याचे पैसे काही घरांत आले. अशा पैशाचा वास योजनावाल्यांना बँकेच्या मॅनेजरआधी येतो. ज्या घरात आयुष्यात पहिल्यांदा एवढी रक्कम एकदम आली, त्या घरात ‘नाही’ म्हणायची सवय नसते. म्हणून मी माझ्या बोलण्याची परीक्षा एकच ठेवली आहे. माझ्याशी बोलल्यानंतर त्या माणसाला पुढच्या विकणाऱ्याला ‘नाही’ म्हणणं सोपं झालं का? झालं असेल तर बोलणं कामाचं होतं, मग त्याने बिटकॉइन घेतलं काय आणि न घेतलं काय.

सुरुवात कुठून करायची? तर समोरचा नेमकं काय विचारतो आहे ते ऐकण्यापासून. हे वाटतं तितकं सोपं नाही. आपल्याला विषय येत असला की आपण लगेच सातोशी नाकामोतोपासून सुरू होतो. एका मोबाइल दुकानवाल्याने मला विचारलं, “भाई, थोडं बिटकॉइन घेऊन ठेवू का?” मी विचारलं, किती दिवसांसाठी? तो म्हणाला, चार महिने, मग दुकानाचा हप्ता थकतो आहे तो भरायचा आहे. प्रश्न बिटकॉइनचा नव्हताच, हप्त्याचा होता. आमचं पुढचं सगळं बोलणं बँकेत जाऊन मुदत वाढवून कशी मागायची यावर झालं. चार महिन्यांत लागणारा पैसा अशा ठिकाणी ठेवायचा नसतो, एवढंच एक वाक्य बिटकॉइनबद्दल होतं.

दुसरीकडे एक निवृत्त गुरुजी आहेत, जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत होते. त्यांचा प्रश्न असा, “बेटा, हे छापतं कोण?” मला आजवर विचारलेल्यांतला हा उत्तम प्रश्न. नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही असते. फोनवरून पैसे पाठवले तर वही बँकेकडे असते, आपण फक्त ‘याच्या नावाचे कमी कर, त्याच्या नावाचे वाढव’ असं बँकेला सांगतो. बिटकॉइनमध्ये वही कुणा एकाकडे नसते. ती जगभरच्या हजारो कॉम्प्युटरवर सारखीच असते आणि नवी नोंद खरी की खोटी हे प्रत्येक कॉम्प्युटर स्वतः तपासतो. गुरुजींना मी कापसाच्या काट्याचं उदाहरण दिलं. आमच्याकडे सिंदी (सेलू) बाजार समितीत कापूस येतो, काटा कसा मारला जातो हे इथल्या लेकरालाही माहीत असतं. समजा, काटा व्यापाऱ्याच्या आडोशाला न होता सगळ्या शेतकऱ्यांसमोर झाला आणि काटापट्टीची प्रत एकूण एक माणसाकडे राहिली, तर व्यापाऱ्याला नंतर आकडा बदलता येईल का? गुरुजी म्हणाले, नाही येणार. मग थोडं थांबून म्हणाले, “पण कापूस तर कापूस आहे. गादीत भरता येतो. हे कशात भरायचं?” यावर माझ्याकडे त्यांना गप्प करणारं उत्तर नव्हतं, आणि तसं उत्तर शोधूही नये. बिटकॉइनची किंमत लोक त्याला किंमत देतात म्हणून आहे. उद्या नाही दिली तर नाही. हे मी त्यांना तसंच सांगितलं. त्या दिवशी चहा संपला तेव्हा विषयही संपला. दीड महिन्याने त्यांनीच पुन्हा काढला.

हे ‘त्यांनीच काढला’ मला महत्त्वाचं वाटतं. मी कुणाला व्हिडिओ पाठवत नाही, ग्रुप काढत नाही, ‘मग काय ठरवलं?’ असं विचारत नाही. ज्या दिवशी आपण पाठपुरावा करायला लागतो, त्या दिवसापासून समोरचा आपल्याला टाळायला लागतो, आणि मग त्याला खरंच अडचण आली तरी तो आपल्याकडे येत नाही.

भावाचा आलेखही मी दाखवत नाही. वर चढणारी रेघ बघितली की माणसाला एकच गोष्ट ऐकू येते: तुला उशीर झाला. ‘मी घेतलं तेव्हा इतकं होतं, आता इतकं आहे’ हे वाक्य तर पूर्ण बंद. ते खरं असलं तरी त्यातून माहिती काहीच मिळत नाही, नुसता धक्का बसतो. त्यापेक्षा मी फोनवर ३ जानेवारी २००९ चा पहिला ब्लॉक उघडून देतो. तो आजही कुणालाही बघता येतो, त्यासाठी खातं लागत नाही, ओळखपत्र लागत नाही. त्यात त्या दिवशीच्या एका लंडनच्या वर्तमानपत्राचा मथळा कोरून ठेवलेला आहे, बुडणाऱ्या बँकांना सरकारने वाचवण्याबद्दलचा. २००८ मध्ये अमेरिकेत आणि युरोपात काय झालं होतं, लोकांचा बँकांवरचा विश्वास का उडाला होता, हे त्यावरून बोलता येतं. पोरांना हे आवडतं. त्यांना इतिहास कळतो आणि खिशात हात घालावा लागत नाही.

आता तो प्रश्न, जो आपल्या मुलांकडून हमखास येतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात आधी येतो. हलाल आहे का?

मी आलिम नाही, म्हणून याचं उत्तर मी देत नाही. उलेमांमध्ये एकमत नाही एवढं सांगतो. तुर्कस्तानच्या दियानेतने नोव्हेंबर २०१७ मध्ये हे योग्य नाही असं म्हटलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत इजिप्तचे तेव्हाचे मुख्य मुफ्ती शौकी अल्लाम यांनी नाजायज ठरवलं. मलेशियाच्या सिक्युरिटीज कमिशनच्या शरिया सल्लागार मंडळाने २०२० मध्ये नोंदणीकृत बाजारावरच्या व्यवहाराला मान्यता दिली. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून हराम म्हटलं, पण माल म्हणून अटींसह वाट ठेवली. यातलं एकच नाव घेऊन ‘बघा, फतवा आहे’ म्हणणारा माणूस अर्धीच गोष्ट सांगत असतो, बाजू कुठलीही असो.

मी करू शकतो ते एवढंच की प्रश्न नीट मांडायला मदत करतो. आलिमसाहेबांकडे जाऊन ‘बिटकॉइन हलाल की हराम’ असं विचारलं तर ते तरी काय सांगणार? विकत घेऊन स्वतःकडे ठेवणं वेगळं. उसन्या पैशावर दहापट सौदा लावून भाव चढेल की पडेल यावर पैज मारणं वेगळं. आपली नाणी कुणाला वापरायला देऊन त्यावर ठरलेली टक्केवारी घेणं आणखी वेगळं. या तीन गोष्टी ॲपमध्ये एकाच पडद्यावर, एकाच रंगाच्या बटणांत असतात, पण फिकहच्या नजरेने गरर, मैसिर आणि रिबा असे वेगवेगळे प्रश्न त्यातून उभे राहतात. कुठलं बटण दाबल्यावर खरोखर काय घडतं हे सांगणं आमचं काम, निवाडा करणं आलिमांचं. आमच्यातल्या शिकलेल्यांनी हे पहिलं काम केलं तर त्यांचं काम सोपं होईल.

आणि ‘हलाल’ हा शब्द विक्रीच्या वाक्यात आला की मी सावध होतो. बंगळुरूच्या आयएमएचं उदाहरण फार जुनं नाही. व्याज नको म्हणणाऱ्या दीनदार घरांनी हलाल नफा म्हणून पैसे ठेवले, त्यात निवृत्तीचे होते, मुलींच्या लग्नाचे होते. जून २०१९ मध्ये संस्थापक मन्सूर खान देश सोडून गेला, जुलैत दिल्ली विमानतळावर परतताना पकडला गेला. सुमारे ४,००० कोटींचा घोटाळा. त्याचा बिटकॉइनशी संबंध नव्हता, पण आपल्या भरवशाला कुठून हात घातला जातो हे त्यातून कळतं. म्हणून मी मशिदीच्या आवारात, इज्तिमाला किंवा नमाजनंतरच्या घोळक्यात हा विषय कधी काढत नाही. कुणी तिथे विचारलं तर म्हणतो, संध्याकाळी टपरीवर ये. त्या जागेचा भरवसा माझ्या बोलण्याला चिकटू नये.

माझ्या एका मित्राला हे सगळं नाटक वाटतं. त्याने मला नोव्हेंबर २०२२ मध्ये विचारलं होतं. एफटीएक्स नावाचा परदेशातला मोठा बाजार नुकताच बुडाला होता, बिटकॉइन १७ हजार डॉलरच्याही खाली होतं. मी त्याला कसं चालतं, काय धोके आहेत, सगळं सांगितलं आणि थांबलो. त्याने घेतलं नाही. दोन वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, भाव एक लाख डॉलरच्या वर गेला. तेव्हापासून तो मला ऐकवतो, “तू नुसता समजावत बसला ना बे. दोन शब्द जोर लावून बोलला असता तं आज माझं घर बांधून झालं असतं.”

त्याच्या बोलण्यात तथ्य नाही असं मी म्हणत नाही. जोर न लावण्याची किंमत असते आणि इथे ती त्याने मोजली, मी नाही. पण त्याला मी दुसरी तारीख सांगतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये भाव ६९ हजार डॉलरच्या आसपास होता. तेव्हा सगळीकडे उत्साह होता, जोर लावणारे तेव्हाच जास्त होते. त्या महिन्यात कुणाच्या जोरावर ज्याने एक लाख रुपये टाकले, त्याच्याकडे वर्षभराने पाव हिस्सा उरला होता. जोर लावणाऱ्याला २०२१ मध्येही तेवढीच खात्री होती. ज्याने स्वतः समजून घेतलं होतं तो कदाचित थांबला, ज्याला ढकललं होतं त्याने घाबरून विकलं. मित्राला हे पटलं का? नाही. तो अजून ऐकवतो. पण परवा त्याच्या साडूने कुठल्या तरी ‘ट्रेडिंग बॉट’मध्ये पैसे टाकायचं ठरवलं, रोज दोन टक्के म्हणे, तर त्याला घेऊन तो आधी माझ्याकडेच आला.

काही गोष्टी मात्र कुणी विचारलं नाही तरी मी सांगतो, कारण त्या लपवणं हाही एक प्रकारचा दबावच आहे. कर ही त्यातली पहिली. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी ते परिपत्रक रद्द केलं. म्हणजे बाळगणं गुन्हा नाही, पण भारतात हे कायदेशीर चलनही नाही. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरळ ३० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस. लाखाला घेतलं, दीड लाखाला विकलं, तर ५० हजारांच्या नफ्यातले १५,६०० सरकारचे. १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेवरच्या विक्रीवर एक टक्का टीडीएस कापला जातो. आणि लोकांना जे माहीत नसतं ते हे, की एका नाण्यात झालेला तोटा दुसऱ्या नाण्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. शेअरचा हिशेब डोक्यात ठेवून आलेल्या माणसाला हे ऐकून चहा कडू लागतो. लागू द्या.

दुसरी गोष्ट, ॲपमध्ये ठेवलेली नाणी तुमच्याकडे नसतात, ॲपवाल्याकडे असतात. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतातल्या मोठ्या बाजारावर दरोडा पडला, सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली, आणि ज्यांची तिथे खाती होती त्यांचे पैसे महिनोन्‌महिने अडकून पडले. यात बिटकॉइनची वही कुणी फोडली नव्हती, बाजाराची तिजोरी फोडली होती. पण ज्याचे पैसे अडकले त्याला या फरकाने काय दिलासा मिळणार?

म्हणून शिकायचंच असेल तर मी चाचणीच्या नाण्यांवर शिकवतो. बिटकॉइनचं एक सरावाचं जाळं आहे, तिथली नाणी फुकट मिळतात आणि त्यांना काडीची किंमत नसते. बाकी सगळं खऱ्यासारखंच चालतं. बोलणं दबावाचं होऊ द्यायचं नसेल तर यासारखी सोय नाही, कारण चूक झाली तरी कुणाचं काही जात नाही.

माझ्या खालाची मुलगी वर्ध्याला बीएस्सी करते. आपल्याकडे हा विषय पुरुषांच्या घोळक्यातच राहतो, तिने मात्र सरळ घरी येऊन विचारलं. घरात आम्ही उर्दूत बोलतो, पण तिच्या वहीत सगळं मराठीत लिहिलेलं होतं. सरावाचं पाकीट उघडल्यावर पडद्यावर बारा शब्द आले. मी सांगितलं, हे कागदावर लिही, फोटो काढू नको, हीच तुझी किल्ली. तिने भौतिकशास्त्राच्या वहीच्या शेवटच्या पानावर ते उतरवले. दोन चाचणीची नाणी तिला पाठवली, तिने अर्धं मला परत पाठवलं, दहा-पंधरा मिनिटांत नोंद पक्की झालेली आम्ही बघितली. मग तिने विचारलं, “भाईजान, ही वही हरवली तर?”

“तर नाणी गेली.”

“बँकेत जाऊन अर्ज देता येत नाही? ओटीपी वगैरे?”

“बँकच नाही, अर्ज कुणाला देणार?”

ती म्हणाली, मग अम्मीसाठी हे नको, त्या तर चष्मासुद्धा दिवसातून तीनदा हरवतात. स्वतःबद्दल विचार करून सांगते म्हणाली. त्याला आता पाच महिने झाले. अजून काही सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. मागच्या जुम्म्याला घरी आली होती तेव्हा वेगळाच प्रश्न घेऊन आली, की या खाणकामाला एवढी वीज लागते तर आमच्या गावात रोज दोन तास लाइट जाते त्याचं काय.